दोन्ही बाह्या वर

१

ही गोष्ट २०२१ सालची, मार्गशीर्षातली. चिपीला नुकतीच विमानं उतरू लागली होती आणि आमच्या कातळवणात कित्येक वर्षांनी गावपळण लागली होती.

गावपळण म्हणजे देवाचा कौल घेऊन अख्ख्या गावाने तीन दिवस घरं सोडायची. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी शिवेबाहेर. खाडीच्या अलीकडे माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात. मुस्लिम वाडीसुद्धा आपल्या भांड्याकुंड्यांसह येते, आणि तीन दिवस गावात चूल पेटत नाही. लहानपणी या दिवसांची मी वर्षानुवर्षं वाट पाहायची. सुक्या बांगड्याचा वास, वाळूत फुगड्या, एकाच फणीने विंचरलेल्या आम्ही पाचसहा मुली. आजही गावपळण हा शब्द ऐकला की आधी आनंद होतो. राग त्याच्या मागोमाग येतो, आणि तो मात्र जात नाही.

मी डॉक्टर. सगळी नोकरी हवाई दलात काढली. वैमानिकांची हृदयं तपासायची, कोणी उडायचं आणि कोणी नाही हे सांगायचं, हे माझं काम. निवृत्त होऊन मालवणात राहते. गुडघ्यांमुळे त्या वेळी खोपीत राहायला गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुस्तफाचा फोन आला.

"आते, जितू गेलो. खाडयेच्या वाळयेत पडलेलो गावलो. तुम्ही बेगीन येवा."

जितेंद्र माझ्या चुलतभावाचा, लवूचा, मुलगा. विमान कंपनीत कॅप्टन. चाळिशीही गाठली नव्हती त्याने. मुस्तफा त्याचा बालपणीचा मित्र, होडी आणि टेम्पो चालवणारा.

मी पोचले तेव्हा जितेंद्रला लवूच्या खोपीत आणून चटईवर ठेवलं होतं. बाहेर गाव जमलं होतं आणि कुजबुज चालली होती: शिवेवर गेला, देवाने घेतला. गावचे डॉक्टर गुरुदास पुढे झाले. कसालला त्यांचा दवाखाना आहे, पण घर कातळवणातलं, म्हणून तेही खोपीत होते.

"मॅडम, हार्ट अटॅक. पहाटे फिरायला गेला असणार. मी दाखला लिहून दिलाय. शेजारच्या गावातल्या स्मशानात दुपारपर्यंत उरकून घेऊ. आपल्या गावात तर आज जाता येणार नाही."

"त्याची बहीण येतेय, रसिका येईपर्यंत थांबा," मी म्हटलं, आणि जितेंद्रजवळ बसले.

मेलेल्या माणसाकडे बघण्याची सवय मला आहे. आपल्या माणसाकडे तसं बघण्याची नाही. तरी बघितलं. त्याच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपराच्या पार वर, दंडाच्या मुळापर्यंत सरकवलेल्या होत्या. डिसेंबरात, पहाटे, खाडीच्या वाऱ्यात फिरायला निघालेला माणूस बाह्या वर करत नाही. खिशात हात घातला तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी लागली.

"मुस्तफा, गावलो तेव्हा कसो होतो? उताणो?"

"नाय आते. पालतो. तोंड वाळयेत."

मी त्याला जरा कुशीवर करायला सांगितलं आणि शर्ट वर उचलला. मरणानंतर रक्त खाली उतरतं, आणि शरीराची जी बाजू खाली असेल तिथे जांभळे डाग धरतात. पालथ्या पडलेल्या माणसाची छाती जांभळी व्हायला हवी. जितेंद्रची छाती पांढरी होती. पाठ गडद जांभळी.

तो वाळूत मेला नव्हता. दुसरीकडे कुठेतरी उताणा मेला होता, तासन्तास तसाच पडून होता, आणि मग कोणीतरी त्याला इथे आणून पालथा घातला होता.

२

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

आपल्या हृदयातून जी मोठी नळी निघते ती महारोहिणी. तिच्या तोंडाशी एक झडप असते, तीन पाकळ्यांची. जितेंद्रच्या झडपेला जन्मापासून दोनच पाकळ्या होत्या. असे लोक बरेच असतात आणि वर्षानुवर्षं त्यांना काही होत नाही. पण काहींची महारोहिणी हळूहळू फुगत जाते, तिची भिंत पातळ होते. म्हणून दरवर्षी मोजायचं, रक्तदाब ताब्यात ठेवायचा, जड उचलायचं नाही, आणि ठरावीक मापाच्या पुढे गेली की फाटायच्या आत ऑपरेशन करून नळी बदलायची.

जितेंद्रने आपलं दुखणं कधी लपवलं नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा स्वतः जाऊन सांगितलं. काही महिने जमिनीवर बसला, नंतर शेजारी दुसरा वैमानिक असेल तरच उडायचं या अटीवर परत गेला. माझ्या काळात अशा पोरांना आम्ही सरळ घरी पाठवायचो. एक पोर माझ्या टेबलाशी बसून लहान मुलासारखं रडलं होतं, त्याचं नाव मला अजून आठवतं. आता मोजमापं सुधारली, औषधं सुधारली, माणसाला वाचवून त्याचं कामही वाचवता येतं. त्या शरद ऋतूत जितेंद्रची नळी वाढलेली दिसली. त्याने आपणहून उडणं थांबवलं. जानेवारीत ऑपरेशन ठरलं होतं. मधल्या दिवसांत गावपळण बघून घेतो म्हणून आला होता.

आणि हा दोष घराण्यातून येतो. जितेंद्रला होता म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचं हृदय तपासायलाच हवं. रसिका त्याच्याहून बरीच लहान, वैमानिक होण्याचं शिक्षण घेत होती आणि पुढच्याच आठवड्यात एकटी विमान घेऊन लांबच्या उड्डाणाला निघणार होती. बहिणीला सांगितलंस का, असं मी विचारलं तेव्हा जितेंद्र 'सांगतो' म्हणाला होता, आणि मी तेवढ्यावर सोडलं होतं.

कागदावर 'हार्ट अटॅक' राहिला तर माझ्या एकटीच्या सांगण्यावर तिला कोणी तपासणार नव्हतं. महारोहिणी फाटली असेल तर तपासणं भाग होतं. दुपारी चिता पेटली की ते कळायचा मार्गच संपत होता. माझ्या हातात रसिका येईपर्यंतचा वेळ होता.

मी यशोदेजवळ गेले. जितेंद्रची आई. ती रडत नव्हती. मांडीवर हात ठेवून खोपीच्या मागे बसली होती.

"यशोदे, ह्यो गोळयो तेच्या खिशात गावल्यो."

तिने पट्टीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "हे? हे तर घराक रवलेले. माजघरातल्या कोनाड्यात. सामान बांधताना इसारलंय मी."

"नक्की?"

"पयल्याच सांजेक तेच्या ध्यानात इला. काल सकाळी बापाशीक म्हणालो, बाबा, तुम्ही देवळातली वात बघूक जातास, येताना गोळयो घेवन येवा."

गावपळणीत शिवेच्या आत एकालाच पाऊल टाकता येतं, मानकऱ्याला. दिवसातून एकदा, देवळातली वात बघायला. आमच्याकडे तो मान लवूचा.

"मग लवू काय म्हणालो?"

यशोदेने वाळूतली काडी उचलून मोडली.

"म्हणालो, देवाच्या कामाक जाताना तुझ्यो गोळयो आणूक मी गडी आसंय? दोन दीस नाय खाल्लंस तर काय मरतलंस?"

३

म्हणजे जितेंद्र स्वतः घरी गेला होता. रात्री तो खोपीत आला नाही तेव्हा यशोदेला वाटलं होतं, मुस्तफाच्या होडीत निजला असेल. पट्टी खिशात होती याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. घरात उताणा मेला, आणि कोणीतरी शिवेबाहेर आणला. कोणी?

मुस्तफा होडीला तेल लावायचं सोडून नुसताच बसला होता.

"तू काल खंय होतंस?"

"वेंगुर्ल्याक. टेम्पो घेवन. रात्री इलंय. आते, माझ्यावर संशय घेतास?"

"सगळ्यांवर घेतंय. तुझ्यावर कमी. तेच्या बाह्या कोणी वर केल्यो?"

"मी बघलंय तेवाच वर होत्यो. मी हात नाय लावलंय. हाक मारलंय, मग सगळे धावत इले."

"गुरुदास?"

"तो सगळ्यांच्या मागसून इलो. लांबसूनच म्हणालो, अटॅक. नाडी नाय, काय नाय. लांबसूनच."

दोन्ही बाह्या. मी ते मनातून काढू शकत नव्हते. रक्तदाब बघताना आपण एक बाही वर करतो. दुसरी कोण कशाला करेल? मला एकच कारण माहीत होतं. महारोहिणी फाटली की कधी कधी एका हाताकडे रक्त नीट जात नाही, आणि दोन हातांचा दाब वेगवेगळा लागतो. ज्याच्या डोक्यात महारोहिणी आहे, तोच दोन्ही दंडांना पट्टा बांधतो.

म्हणजे जितेंद्र मरायला टेकलेला असताना त्याच्याजवळ एक माणूस होता. त्याला नेमकं काय चाललंय हे कळलं होतं. आणि त्याने त्याला दवाखान्यात नेलं नव्हतं.

मी आयुष्यात अनेकदा रागावले आहे. पण तो राग वेगळा होता.

मुस्तफाची बहीण सायमा आरोग्य केंद्रात नर्स आहे. ती खोपीसमोर भाकऱ्या थापत होती.

"सायमा, प्रेशरची मशीन हाडलंस काय गो हंय?"

"हाडलंय तर. म्हाताऱ्यांची रांगच लागता. एकाचा बघला की दुसरो म्हणता माझापण बघ."

"तू किती दंडाक लावतंस?"

"एकाक!" ती हसली, मग माझं तोंड बघून भाकरी थापायची थांबली. "दुसऱ्याक कशाक लावतलंय?"

"काल जितूचो बघलंस?"

"जितूचो? नाय. काल दुपारी मशीन माझ्याकडे नव्हतीच. डॉक्टरांनी मागून न्हेली. म्हणाले, माझ्या आवशीचो प्रेशर बघूचो आसा. सांज झाल्यार परत दिली."

गुरुदासची आई नर्मदा. तिचं आणि माझं नाव एकच, म्हणून लहानपणापासून आम्ही एकमेकींना 'मितनी' म्हणतो. तिच्या खोपीत गेले तर ती सुपारी कातरत होती.

"मितने, प्रेशर बरो आसा मा आता?"

"माका खंयचो प्रेशर? तो सावकारांका होता, आमका नाय."

"काल झिलान, गुरुदासान, बघलो ना तुझो?"

"झील?" तिने अडकित्ता खाली ठेवला. "काल जेवणावरसून फोन इलो तेका. उठलो आणि गेलो तो काळोख झाल्यार इलो. भात तसोच थंड झालो. माका इचारल्यानपण नाय जेवलंस काय म्हणान."

४

लवू आणि गुरुदास लाकडांची व्यवस्था बघत होते. मी दोघांना खोपीत बोलावलं. जितेंद्र आमच्या मध्ये होता.

"गुरुदास, काल दुपारी सायमाची मशीन घेऊन कुठे गेला होतास?"

"आईचं बीपी..."

"आईला विचारून आले मी."

तो म्हणाला, "पेशंट होता एक."

"होता. त्याचं घर शिवेच्या आत आहे. त्याच्या खिशात घरातल्या गोळ्या आहेत, पाठीवर रक्त उतरलंय, आणि दोन्ही बाह्या वर आहेत. तो खाडीवर मेला नाही. घरात मेला. आणि घरात तू होतास."

"बाह्या मी आज सकाळी वर केल्या. नाडी बघायला."

"सकाळी तू लांब उभा होतास. मुस्तफाला सापडला तेव्हाच त्या वर होत्या. आणि नाडी बघायला दंड लागत नाही, मनगट लागतं. किती फरक आला दोन हातांत?"

गुरुदासने लवूकडे पाहिलं. त्या एका नजरेत मला उरलेलं कळलं. गुरुदासला आत बोलावणारा माणूस आधीच आत असायला हवा. आत जाण्याचा मान एकाचाच होता.

"लवू," मी म्हटलं, "तू सांगतंस काय मी सांगू?"

लवू खाली बसला. ताठ चालणारा माणूस, पंचा सावरत मुलाच्या पायाशी बसला.

"वात बघूक गेल्लंय. घराचा दार उघडा दिसला. माजघरात पडलेलो. शुद्धीत होतो. म्हणालो, बाबा, पाठ फाटता. फोन केलंय गुरुदासाक. तो पाठच्या परड्यातसून इलो."

"आणि गुरुदासाने ओळखलं."

"लगेच ओळखलं," गुरुदास म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मी काकांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता गोव्याला हलवूया."

"म्हणालंस," लवू उसळला, "मगे तूच म्हणालंस, सांजेसर कळ काढूया!"

"तुम्ही माझे पाय धरलेत म्हणून! शिवेवर सगळा गाव बसलाय म्हणालात. मानकऱ्याच्या झिलाने देव मोडला, असं तोंडावर थुंकतील म्हणालात. काळोख पडला की गुपचूप बाहेर काढू आणि मग गाडी बोलावू, असं..."

"तेवा तो बोलत होतो रे! माका काय म्हायत..."

"तुका म्हायत नव्हता," मी लवूला म्हटलं. "ह्याला माहीत होतं." मी गुरुदासकडे वळले. "फाटलेल्या महारोहिणीचा माणूस तासातासाने हातातून जातो हे तू शिकला होतास. त्याला ऊन कलेपर्यंत जमिनीवर निजवून ठेवलास. त्याच्या उशाशी बसून कशाची वाट बघितलीस? काळोखाची?"

"मॅडम, मला वाटलं टिकेल. मावळतीआधीच गेला, आणि पहाटे गाव निजलेला असताना आम्ही दोघांनी त्याला वाळूत आणून टाकलं."

"मग 'हार्ट अटॅक' का लिहिलंस?"

त्याचं उत्तरही मीच दिलं. "महारोहिणी लिहिली असतीस तर कोणीतरी विचारलं असतं, डॉक्टर, तुम्ही कुठे होतात. म्हणून अटॅक. त्या एका शब्दाने तू स्वतःला सोडवलंस आणि ह्याच्या बहिणीला मारायला निघालास. तिच्या छातीत काय आहे हे तिला कधी कळलंच नसतं."

"माझ्या छातीत काय आहे?"

दारात रसिका उभी होती. चिपीहून रिक्षाने आली होती, पाठीवरची पिशवीही अजून उतरवली नव्हती. तिच्या मागे यशोदा.

५

मी तिला सांगितलं. जे होतं ते, सरळ. ती भावाजवळ बसून ऐकत होती. तिने त्याच्या बाह्या हळूहळू खाली केल्या, आधी एक, मग दुसरी.

"दादाने मला का नाही सांगितलं? त्याला तर माहीत होतं ना हे घराण्यातून येतं?"

यशोदा म्हणाली, "मी नको म्हणालंय. तो सांगतो म्हणत होतो. मी म्हणालंय, चेडवाचा मेडिकल अडकतला, आधी लायसन हातात पडांदे. तेनी माझो शब्द मोडलो नाय."

मला मेलेल्या मुलाचाही राग आला, हे लिहायला मला लाज नाही. स्वतःबद्दल इतका खरा वागलेला माणूस आईच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे बहिणीबाबत गप्प बसला. आपल्याकडे याला प्रेम म्हणतात.

लवू उठला. "झाला ता झाला. आता मातयेक सुख देवा. लाकडा इली हत."

"लाकडं थांबतील," रसिका म्हणाली. "पोस्टमॉर्टेम होणार."

"बापूस जित्तो आसा तुझो! तू कोण ठरवणारी?"

"जित्ते आसास म्हणानच इचारतंय, बाबा. तो पाठ फाटता म्हणालो, तेवा तुम्ही तेका काय सांगल्यात?"

लवू दाराकडे वळला.

"सांगा ना."

"सांगलंय... जरा दम काढ. काळोख पडांदे."

रसिकाने फोन काढला आणि पोलिसांना लावला. बाहेर गावातले चारसहा जण खोपीच्या तोंडाशी आले होते. कोणी म्हणालं, देवाचं काम चालू असताना पोलीस नकोत. तेव्हा यशोदा बाहेर गेली. तिने कोणाला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "देवान पाठवलेलो काय तेका मारूक? माझ्या घोवान आणि ह्या डॉक्टरान मारल्यानी. देवाचा नाव घेतलास तर याद राखा." आणि दारातच बसली. पोलीस येईपर्यंत तिला ओलांडायची कोणाची छाती झाली नाही.

६

पोस्टमॉर्टेममध्ये निघायचं तेच निघालं. झडपेला दोन पाकळ्या, आणि महारोहिणी हृदयापासून पाठीपर्यंत उकललेली.

गुरुदासवर खोट्या दाखल्याचा खटला झाला, तो अजून चालू आहे. वर्षभर दवाखान्याला कुलूप होतं. आता कसालला पुन्हा पाटी लागली आहे आणि लोक रांगेत बसतात. माझी मितनी माझ्याशी बोलत नाही.

सायमाची बदली नांदगावला झाली. ती आता प्रत्येक म्हाताऱ्याच्या दोन्ही दंडांना पट्टा लावते आणि लोक तिला हसतात.

यशोदा त्या दिवशी खोपीतून निघाली ती लवूच्या घरात परत गेली नाही. रसिकाबरोबर राहते. तिच्या हातचं तिखट जेवण तिथल्या चार वैमानिक मुली खातात.

रसिकाच्या छातीतही दोनच पाकळ्या निघाल्या. महारोहिणी मात्र अजून मापात. तिचं शिक्षण वर्षभर थांबलं, तपासण्या झाल्या, तिनेच पाठपुरावा केला, कुठेही काही झाकलं नाही. आज ती उडते, शेजारी दुसरा वैमानिक असेल तेव्हाच, आणि दरवर्षी नेमाने मोजून घेते. कधीतरी तिची नळीही वाढेल. तेव्हा ती वेळेवर ऑपरेशनच्या टेबलावर जाईल.

राहिला लवू. मान त्याने आपणहून सोडला, असं गाव सांगतं. गावाने काढून घेतला, असं मुस्तफा सांगतो. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तो मालवणात माझ्या दारात आला. चार पायऱ्यांना धापत होता. आम्ही त्या दिवसानंतर बोललो नव्हतो.

"नर्मदे, चढ लागता गो. छातयेत कायतरी धरता."

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्टेथोस्कोप छातीला लावला. हवाई दलात मी तो आवाज हजारो छात्यांत शोधला होता. इथे शोधावा लागला नाही. अरुंद झालेल्या झडपेतून रक्त खरवडत निघाल्याचा आवाज, मानेपर्यंत चढलेला. जितेंद्रने बापाला तपासून घ्यायला कितीदा सांगितलं होतं, आणि हा म्हणायचा, माका काय धाड भरलीहा?

"काय आसा?" त्याने विचारलं.

"जितूक होता ता. तुझ्याकडसूनच गेला असतला."

त्याने डोळे मिटले. म्हणाला, "म्हणजे मीच."

"रक्तातून गेलं त्याचं तुझ्या माथ्यावर मी घालत नाही," मी म्हटलं. "दुसरं घालते. ते तुला माहीत आहे." मग कोल्हापूरच्या माझ्या एका विद्यार्थ्याला फोन केला. खाट रिकामी होती.

लवू उठू लागला. "बरा. घराक जावन कपडे घेतंय. उद्या सकाळी..."

"नाय," मी म्हटलं. "आत्ता."

"अगो, असो हात हलवत..."

"आत्ता, लवू."

मी मुस्तफाला हाक मारली. तो खालीच होता, माझ्यासाठी मासे घेऊन आलेला. त्याने वर येऊन लवूला पाहिलं आणि दारातच थबकला. मी त्याला काय ते सांगितलं. मासे त्याने माझ्या ओट्यावर ठेवले, हात धुतले आणि लवूच्या काखेत हात घालून त्याला पायऱ्या उतरवल्या. टेम्पोचं दार उघडून धरलं. लवू काहीतरी बोलायला लागला, तर मुस्तफाने त्याच्याकडे न बघता दार लावलं आणि गाडी सुरू केली.